कॅम्पसवर ब्लॅक हिस्टरी मंथ: पहिल्या मीटिंगपासून शेवटच्या रिसीटपर्यंत

यंदाच्या फेब्रुवारीत आमच्या युनिव्हर्सिटीत ब्लॅक हिस्टरी मंथचा, म्हणजे अमेरिकेत दर फेब्रुवारीत ब्लॅक लोकांचा इतिहास मांडणाऱ्या महिन्याचा, मुख्य कार्यक्रम झाला, त्याच्या कमिटीत मी होते. नॉर्थ कॅरोलायनातली सरकारी युनिव्हर्सिटी आहे, मी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला. हिशोब आत्ताच कुठे पूर्ण जमा झालाय म्हणून सगळं सलग लिहून काढतेय, कारण मी शोधत होते तेव्हा फॉर्म कुठला, पैसे कोण देतं, किती आधी मागायचे, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी यात नेमकं काय करायचं हे मराठीत कुठेच लिहिलेलं सापडलं नाही.

मी मूळची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. आमच्या घरात १४ एप्रिल हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. वर्गणीची पावतीपुस्तकं, मंडप, पोलीस परवानगी, स्पीकरची परवानगी हे सगळं लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे एखाद्या समाजानं आपला इतिहास स्वतः पैसे गोळा करून मांडणं म्हणजे काय असतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सप्टेंबरमध्ये ब्लॅक स्टुडंट युनियनच्या, म्हणजे बीएसयूच्या जनरल बॉडी मीटिंगला गेले. ही मीटिंग सगळ्या विद्यार्थ्यांसाठी खुली असते, हे आपल्या बऱ्याच मुलामुलींना माहीत नसतं. पिझ्झा असतो, साइन-इन शीट असते, शेवटी कमिट्यांची नावनोंदणी असते. प्रेसिडेंट थर्ड इयरची मुलगी, तिनं विचारलं तुला काय करायला आवडेल, मी म्हटलं जे काम कोणाला नको असतं ते दे. तिनं सरळ बजेटची फाइल हातात दिली.

त्याच मीटिंगमध्ये तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात १९२६ लिहिलं. ब्लॅक इतिहासकार कार्टर वुडसन यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पहिला 'निग्रो हिस्टरी वीक' सुरू केला, म्हणजे २०२६ ला १०० वर्षं. वुडसन यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले, ते स्वतः कोळशाच्या खाणीत काम करून शिकले आणि १९१२ ला हार्वर्डमधून पीएचडी झाले. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा त्यांनी निवडला कारण १२ ला लिंकनचा वाढदिवस आणि १४ ला फ्रेडरिक डग्लसचा, गुलामीतून पळून सुटलेले आणि गुलामीविरुद्ध लढलेले ब्लॅक नेते. डग्लसना आपली खरी जन्मतारीख माहीतच नव्हती, गुलाम मुलांची नोंद कोण ठेवणार, म्हणून १४ फेब्रुवारी हा दिवस त्यांनी स्वतःच धरला. आठवड्याचा महिना केला तो विद्यार्थ्यांनी. ओहायोतल्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत ब्लॅक विद्यार्थ्यांच्या संघटनेनं १९७० ला पहिल्यांदा पूर्ण महिना साजरा केला, आणि सरकारी मान्यता त्यानंतर, १९७६ ला प्रेसिडेंट फोर्ड यांच्या काळात. म्हणजे कॅम्पसवरचा हा कार्यक्रम वरून खाली आलेला नाहीये, तो खालून वर गेलाय. बीएसयू पण तशीच. सॅन फ्रान्सिस्को स्टेटला १९६६ ला पहिली बीएसयू निघाली आणि १९६८-६९ ला तिथे विद्यार्थ्यांनी महिनोन्महिने संप केला, त्यातून तिथलं एथनिक स्टडीजचं, म्हणजे ब्लॅक आणि इतर समाजांचा इतिहास शिकवणारं कॉलेज उभं राहिलं.

आता पैशांचं. फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचा अर्ज ऑक्टोबरमध्येच द्यावा लागतो, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडे शेवटची तारीख १७ ऑक्टोबर होती. आधी कॅम्पसवर एक मल्टिकल्चरल ऑफिस होतं, तेच हॉल, जेवण सगळ्याचा खर्च बघायचं, पण गेल्या काही वर्षांत बऱ्याच राज्यांतल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये अशी ऑफिसं बंद झाली किंवा नावं बदलली, तसं आमच्याकडेही झालं. त्यामुळे आता सगळा भार विद्यार्थ्यांच्या ऍक्टिव्हिटी फीमधून जो निधी असतो त्याच्यावर, आणि तो निधी स्टुडंट गव्हर्नमेंटची फायनान्स कमिटी वाटते. मला याचं मनापासून वाईट वाटलं, कारण जुन्या ऑफिसातल्या ज्या बाई वर्षानुवर्षं हे करत होत्या त्यांच्या डोक्यात सगळी माहिती होती, कुठला फॉर्म कोणाकडे जातो, कोण लवकर सही करतं, ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आम्ही पुन्हा शून्यापासून.

आमचं बजेट असं होतं: जेवण १९०० डॉलर, वक्त्यांचं मानधन ५०० आणि प्रवास १२०, साउंड आणि लाइटचे टेक्निशियन ४५०, प्रदर्शनाचे १४ पॅनेल छापायला ५३२, पोस्टर ९८. एकूण ३६००. प्रत्येक ओळीला कोटेशन जोडायचं, अंदाजपंचे आकडा चालत नाही. अर्जात 'कार्यक्रम सर्व विद्यार्थ्यांसाठी खुला आहे' असं वाक्य स्पष्ट लिहायला सांगितलं होतं, ते आम्ही सुरुवातीलाच टाकलं. नंतर हिअरिंग असतं, दहा मिनिटं, समोर सात-आठ विद्यार्थी बसलेले. एकानं विचारलं जेवण एवढं कशाला, स्नॅक्स पुरेत. प्रेसिडेंटनं शांतपणे सांगितलं की हे जेवण प्रदर्शनाचाच भाग आहे, प्रत्येक पदार्थाला इतिहास आहे, आणि तो चार वाक्यांत सांगितला. माझ्या पोटात गोळा आला होता, ती मात्र ठाम. तर टिप ही, की प्रत्येक खर्चाचं कारण दोन वाक्यांत तोंडपाठ असू द्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ईमेल आली, २७०० मंजूर. ९०० कमी. अफ्रिकन अमेरिकन स्टडीज डिपार्टमेंटनं ४०० दिले, माजी विद्यार्थ्यांकडून २०० जमले, आणि राहिलेल्या ३०० साठी मी इंडियन स्टुडंट असोसिएशनकडे गेले. तिथे थोडं बोलणं झालं. एक सीनियर म्हणाला, आपला काय संबंध, आपलं दिवाळीचं बजेटच पुरत नाही. मी म्हटलं, १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला म्हणून आपण आज इथे एवढ्या संख्येनं आहोत, त्याआधी भारतीयांसाठी वर्षाचा कोटा जेमतेम १०० माणसांचा होता, आणि तो कायदा सिव्हिल राइट्स चळवळीनं, म्हणजे ब्लॅक लोकांच्या समान हक्कांच्या लढ्यानं, तापवलेल्या हवेत पास झाला. मार खाल्ला त्यांनी, दार उघडलं आपल्यालाही. ही गोष्ट मला खरंच फार टोचते. आपल्याकडची मुलं इथे उतरल्या उतरल्या सीनियर सांगतात त्या भागात राहू नको, त्या लोकांपासून सांभाळून, आणि ऐकणारे दोन वर्षं एकाही ब्लॅक माणसाशी धड न बोलता डिग्री घेऊन जातात. ३०० मिळाले. त्याच सीनियरनं नंतर पॅनेल उचलायला गाडी आणली, हेही लिहायलाच हवं.

पैसे मंजूर झाले म्हणजे हातात येतात असं नाही. हॉल रजिस्टर्ड संघटनेला फुकट असतो पण टेक्निशियन तासावर. वक्त्यांना युनिव्हर्सिटीच्या सिस्टिममध्ये व्हेंडर म्हणून नोंदवावं लागतं, त्यासाठी डब्ल्यू-९ हा टॅक्सचा फॉर्म, सही केलेला करार, आणि करारावर विद्यार्थ्यानं सही करायची नाही, ती फक्त स्टाफ ऍडव्हायझर करतो. आमच्या वक्त्या म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, वय ७७, त्यांना ऑनलाइन पोर्टल जमेना. पोर्टल दर वेळी पासवर्ड बदलायला लावायचं. शेवटी मी आणि अजून एक मुलगी त्यांच्या घरी गेलो, त्यांनी पाउंड केक कापला, आणि त्यांच्याच टेबलावर बसून त्यांच्याकडून सगळं भरून घेतलं. तुमचे वक्ते वयस्कर असतील तर हे काम ईमेलवर सोडू नका, जाऊनच या. शिवाय कार्यक्रमात त्या जे बोलणार होत्या त्यातलं अर्धं तिथे निवांत ऐकायला मिळालं.

केटरिंगची भानगड वेगळीच. कॅम्पसवर ठरलेल्या यादीतलाच केटरर घ्यायचा असा नियम, आणि यादीत सोल फूड, म्हणजे ब्लॅक लोकांचं पारंपरिक जेवण, करणारं कोणीच नाही. गावातल्या एका बाईंचं छोटं हॉटेल आहे, तिथूनच घ्यायचं असं सगळ्यांचं म्हणणं. त्यासाठी सवलतीचा वेगळा फॉर्म, हेल्थ डिपार्टमेंटचं परमिट, आणि १० लाख डॉलरच्या लायबिलिटी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट ज्यावर युनिव्हर्सिटीचं नाव घातलेलं पाहिजे. नाव घालून सर्टिफिकेट इन्शुरन्स एजंट देतो, त्याला वेळ लागतो. मंजुरी जानेवारीत आली तेव्हा जीव भांड्यात पडला.

डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर लायब्ररीच्या आर्काइव्हमध्ये बसलो. आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट, बॉक्सचा नंबर कळवायचा, बॉक्स गोदामातून यायला दोन-तीन दिवस. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, बॅग लॉकरमध्ये. मोबाइलवर फोटो फुकट, चांगलं स्कॅन हवं तर प्रत्येकी ५ डॉलर. एका फोल्डरमध्ये १९६९ सालच्या ब्लॅक विद्यार्थ्यांच्या मागण्यांची यादी होती. टाइप केलेली, सायक्लोस्टाइल केलेली, दोन पानांना लावलेली पिन गंजून कागदावर तपकिरी डाग पडलेला. ब्लॅक प्राध्यापक नेमा, ब्लॅक इतिहासाचे कोर्स सुरू करा, कँटीनमधल्या कामगारांचा पगार वाढवा, असं सगळं क्रमानं. आणि शेवटून दुसरी मागणी पेननं नंतर लिहिलेली होती: कॅम्पसच्या सलूनमध्ये आमचे केस कापणारं कोणीतरी ठेवा. मी ते वाचून बराच वेळ तशीच बसले. माझे आजोबा सांगायचे, गावात त्यांचे केस कापायला कोणी तयार नसायचं, घरातलेच एकमेकांचे कापायचे. मी हे शेजारी बसलेल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली हे पॅनेलवर यायला पाहिजे.

तोपर्यंत आपल्याकडचं काही मांडावं असं मी स्वतःहून बोलले नव्हते, मुद्दामच. शंभर वर्षांचा त्यांचा सोहळा, त्यात मी माझा झेंडा घेऊन उभं राहणं मला बरोबर वाटत नव्हतं. कमिटीनंच जानेवारीच्या पहिल्या मीटिंगला १४ वं पॅनेल मला दिलं. एका पॅनेलवर किती मावणार, पण चार गोष्टी घेतल्या. महात्मा फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी १९४६ ला ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, की तुम्ही लोक युनोकडे अर्ज करताय असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, आम्हीही त्याच विचारात आहोत, आणि डू बॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. डू बॉइस यांची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या ऍमहर्स्टच्या लायब्ररीत आहेत, ऑनलाइन बघता येतात. तिसरी गोष्ट दलित पँथर, १९७२, मुंबई. नाव थेट कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टी या ब्लॅक लोकांच्या लढाऊ संघटनेवरून घेतलेलं. आणि चौथी आमच्या गावाची: मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हात बदलत बदलत दख्खनमध्ये आलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हातात घेऊन मुघलांना वर्षानुवर्षं थोपवून धरणारा. १६१० ला त्यानं खडकी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद. भडकल गेट त्यानं बांधलेलं, नहर-ए-अंबरी त्याची. १६२६ ला गेला, म्हणजे यंदा त्यालाही ४०० वर्षं, खुलताबादला कबर आहे. मी शाळेत जाताना रोज भडकल गेटवरून जायचे.

मजकूर वाचून दाखवला तेव्हा एका मुलानं विचारलं, मग इथल्या तुमच्या लोकांमध्ये जात आहे का अजून? खोली शांत झाली. मी म्हटलं आहे. आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, आणि इथेही रूममेट शोधताना मी ते अनुभवलंय. तो म्हणाला, मग हेही एका ओळीत लिही. लिहिलं.

जानेवारीत सगळे मिळून ग्रीन्सबरोला गेलो. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी कॉलेजचे फर्स्ट इयरचे चार ब्लॅक विद्यार्थी तिथल्या वुलवर्थच्या दुकानात फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. दुकानात त्यांनी वस्तू घेतलेल्या, पैसे घेतले गेले, पण त्याच दुकानात कॉफी मात्र मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले, दुसऱ्या दिवशी अजून मुलं, मग शेकडो, मग दुसऱ्या शहरांत, आणि २५ जुलैला ते काउंटर सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच इमारतीत २०१० पासून म्युझियम आहे, काउंटर तिथेच आहे. स्टूल छोटे आहेत, एकमेकांना अगदी लागून, म्हणजे शेजारी बसलेल्याचा खांदा लागणारच. १८-१९ वर्षांची मुलं, पाठीमागे शिव्या देणारा घोळका, आणि समोर फक्त मेन्यूचा बोर्ड. इकडे आसपास राहत असाल तर नक्की जा, तिकीट आधी ऑनलाइन काढा, ग्रुप असेल तर वेगळं बुकिंग करावं लागतं.

परत आल्यावर धावपळ. पोस्टरवर स्टुडंट युनियनचा शिक्का लागतो, शिक्क्याशिवाय लावलं तर काढून टाकतात. स्टेप शो, म्हणजे पावलं आणि टाळ्यांच्या तालावरचा सामूहिक नाच, त्याच्या मुलामुलींची रात्री प्रॅक्टिस. ब्लॅक फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी, म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी मंडळांच्या, नऊ संघटना आहेत, त्यातली सगळ्यात जुनी १९०६ ची कॉर्नेलची. पाय आणि टाळ्यांवर चालणारा तो ताल पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू यायचा. एक सांगते, त्यांच्या स्टेप आणि हातांच्या खुणा ज्याच्या त्याच्या संघटनेच्या असतात, हौस म्हणून आपण करून बघायच्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. हॉल दुपारी २ ला ताब्यात, कार्यक्रम ६ ला. पॅनेल उभे करायचे स्टँड कमी निघाले, आर्ट डिपार्टमेंटमधून ईझल मागून आणले. सुरुवातीला ते गाणं होतं ज्याला ब्लॅक नॅशनल अँथम म्हणतात. ते सुरू झालं की उभं राहायचं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, म्हणून मी आधीच ग्रुपवर टाकून ठेवलेलं, आणि सगळी रांग उठली तेव्हा बरं वाटलं.

मग त्या शिक्षिका बाई बोलल्या. ब्लॅक मुलांच्या वेगळ्या शाळेत शिकलेल्या. पुस्तकं गोऱ्या शाळेतून वापरून झालेली यायची, पहिल्या पानावर आधीच्या मुलांच्या नावांनी सगळे रकाने भरलेले, स्वतःचं नाव लिहायला जागाच नाही. आणि त्या पुस्तकात त्यांच्या लोकांबद्दल काही नाही. पण फेब्रुवारीच्या त्या एका आठवड्यात त्यांच्या बाई फळ्याभोवती चित्रं लावायच्या, वुडसन यांची संस्था शाळांना असं साहित्य पाठवायची, आणि प्रत्येक मुलाला एकेक माणूस वाटून दिलेला असायचा, त्याच्यावर सगळ्या गावासमोर चर्चमध्ये बोलायचं. "मला डग्लस मिळाला होता," त्या म्हणाल्या, आणि सत्तर वर्षांपूर्वी पाठ केलेला परिच्छेद त्यांनी कागदाशिवाय म्हटला. माझ्या पुढच्या रांगेतल्या केटररबाई ऍप्रन घालूनच उभ्या राहून ऐकत होत्या.

जेवणात कॉलर्ड ग्रीन्स, मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड, रताळ्याचा गोड पाय (pie), आणि ब्लॅक आइड पीज, म्हणजे आपली चवळी. चवळी आणि भेंडी दोन्ही अफ्रिकेतून आलेल्या, गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत पोचल्या. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, ग्रीन्समध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, आम्ही एक भांडं वेगळं करून घेतलं आणि पाटी लावली. हजेरीसाठी १८० च्या वर कार्ड स्वाइप झाले. जेवण १२० जणांचं होतं, पुरलं, कारण बाईंनी जास्तीचंच आणलं होतं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मलिक अंबरच्या पॅनेलसमोर इथिओपियाहून आलेला एक विद्यार्थी थांबला, त्यानं फोटो काढून घरी पाठवला आणि मला खुलताबाद नकाशावर दाखवायला लावलं. अर्धा तास बोलत होतो आम्ही.

कार्यक्रमानंतरचं काम कोणी सांगत नाही म्हणून सांगते. दहा दिवसांत रिपोर्ट द्यायचा, हजेरी, फोटो, सगळ्या रिसीट. वक्त्यांचा चेक कार्यक्रमानंतर निघतो, आमच्याकडे महिना लागला, तेव्हा त्यांना हे आधीच सांगून ठेवा. उरलेले ४१ डॉलर परत गेले. एफ-१ व्हिसावर असाल तर संघटनेत पैसे न घेता काम करायला हरकत नसते, पण कोणी मानधन देऊ केलं तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. आणि सगळी कागदपत्रं एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा, व्यक्तीच्या नावानं नाही, संघटनेच्या अकाउंटवर. आमचा फोल्डर पुढच्या ट्रेझररला दिलाय, पोस्टर आणि पॅनेलच्या फाइल आर्काइव्हला पण दिल्या, त्यासाठी त्यांचा देणगीपत्राचा एक पानी फॉर्म असतो, त्यावर कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या.

पॅनेल सध्या लायब्ररीच्या तळमजल्यावर आहेत, मे संपेपर्यंत राहतील. गावातल्या पब्लिक लायब्ररीनं १९ जूनला, जूनटीन्थसाठी, म्हणजे गुलामी संपल्याच्या आठवणीच्या दिवसासाठी, ते मागितलेत. तिथे नियम सिटीचे, युनिव्हर्सिटीचे नाहीत, इन्शुरन्सचा कागद नव्याने लागणार आणि अर्ज सहा आठवडे आधी. तो मी आणि प्रेसिडेंट पुढच्या सोमवारी भरायला बसतोय.